पाठवणारा : मी

जन्मभर दुसऱ्यांचे चुकलेले पत्ते लावून देणाऱ्या बाईच्याच घरात, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, एक पत्ता चुकावा? याला दिव्याखाली अंधार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं!

पार्सल कचेरीत शेवटच्या खिडकीशी तिचं टेबल. ज्या पार्सलाला घर सापडत नाही, ते फिरत फिरत तिच्यापुढे येऊन पडायचं. 'पाण्याच्या टाकीमागे, निळं दार, मामांना द्यावे.' आता गावात निळी दारं पन्नास आणि मामा पाचशे. पण ही बाई पार्सल हातात घ्यायची, उलटं करायची, कान लावून हलवायची, दोन फोन करायची आणि संध्याकाळपर्यंत मामा शोधून काढायची. कचेरीत तिचं नावच पडलं होतं पत्तेवाली. टेबलावर दोन शिक्के. लाल शाईचा 'पत्ता अपूर्ण' आणि निळ्या शाईचा 'पत्ता सापडला'. निळा मारताना ती जरा जास्तच जोरात मारायची, शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा.

डिसेंबरात तर विचारू नका. आणि त्यातही तिचा खरा राग कुणावर, तर पाठवणाऱ्याच्या रकान्यात 'मी' लिहिणाऱ्यांवर. दर वर्षी आठ-दहा तरी निघायचेच.

"अरे बाबा, तू मी, मी पण मी, हे साहेबही मी. मग तू कोण?" असं ती पार्सलालाच विचारायची.

आता घरची गोष्ट. घर दोन मजली. खाली सासूबाई, पत्तेवाली, तिचा नवरा आणि थोरली लेक. वर धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची सात वर्षांची चिमणी. नणंद परगावी, पण नाताळला हमखास हजर. म्हणजे माणसं आठ. प्रत्येकाने उरलेल्या सातांना भेट द्यायची, म्हणजे पुडकी छप्पन्न. आणि खरेदी कोणाच्या गळ्यात? "वहिनी, तू बाजारात जातेच आहेस, तर माझंही आण ना," म्हणणारे सगळे. ती एकटी जाणारी.

गेल्या वर्षी नाताळच्या तीन दिवस आधी, खच्चून भरलेल्या दुकानात, अकरा पिशव्या हातात घेऊन ती उभी होती. हातात एक तपकिरी स्वेटर होता आणि तो कुणासाठी उचलला ते काही केल्या आठवेना. ती तिथेच मोज्यांच्या मांडणीखाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. दुकानातली मुलगी पाणी घेऊन धावत आली आणि म्हणाली, "बाई, बिल कोणाच्या नावाने करू?" तेच तर आठवत नव्हतं!

म्हणून यंदा डिसेंबर लागल्या लागल्या तिने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, नणंदेलाही त्यासाठी बोलावून घेतलं आणि बिस्किटांचा रिकामा डबा मधोमध ठेवला.

"चिठ्ठ्या टाकायच्या," ती म्हणाली. "ज्याला जो येईल, त्याने त्या एकालाच भेट द्यायची. आठ माणसं, आठ भेटी. संपलं."

"अगंबाई, संपलं काय?" सासूबाई कडाडल्या. "एक जण देणार आणि बाकीचे सहा काय हात हलवत येणार? भिकेला लागलोय का आपण?"

"आई, सहा जणांचंही मीच आणते. तुमचंसुद्धा."

सासूबाईंनी डबा आपल्याकडे ओढला. "ठीक आहे. होऊन जाऊ दे. पण नाताळच्या सकाळी झाडाखालून एक जरी माणूस रिकाम्या हाताने उठलं ना, तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा छप्पन्न. आहे कबूल?"

"कबूल!" पत्तेवाली म्हणाली.

मग तिने नियम सांगितले. चिठ्ठीवर असेल तेच पुडक्यावर लिहायचं. कुणाला कोण आलं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही. एकदा उचललेली चिठ्ठी परत टाकायची नाही. "आणि हे बघा, या घरात आई म्हणून हाक मारली की तीन डोकी वळतात. तेव्हा आई, काका, आत्या असलं काही लिहू नका. प्रत्येकाने स्वतःचं लिहा."

सगळ्यांनी लिहिलं. सासूबाईंनी तर बँकेत सही करावी तसं आडनावासकट लिहिलं. डबा खडखडला, चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. सासूबाईंनी आपली उघडली, चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचली, घडी घालून बटव्यात टाकली आणि एक अक्षर न बोलता खोलीत निघून गेल्या. चहात साखर कमी पडली तर तीन दिवस बोलणारी बाई ही! पत्तेवालीला जरा आश्चर्यच वाटलं.

पण ते तीन आठवडे काय सुखाचे गेले म्हणून सांगू! कचेरी सुटली की ती सरळ घरी. बसून, गरम असताना, चहा प्यायची. दुकानांच्या काचेपुढून जाताना आतली ढकलाढकली बघून तिला शाळेला सुट्टी लागल्यासारखं व्हायचं. घोर होता तो एकच. तिच्या चिठ्ठीत सासूबाई आल्या होत्या.

"आई, तुम्हाला काय हवं हो?"

"मला काय करायचंय? मला काही नको."

दर वर्षी हेच. आणि दर वर्षी आणलेली वस्तू, स्वेटर असो की सपाता, किमतीच्या चिठ्ठीसकट त्यांच्या ट्रंकेत जाऊन बसायची. ही बाई घरात सगळ्यात शेवटी जेवायची, सगळ्यांचं झाल्यावर पंख्याखाली बसायची, आणि फोटोतही कोपऱ्यात उभी राहायची. तिला काय द्यायचं? चोवीस तारीख उजाडली तरी पत्तेवालीच्या हातात काही नव्हतं.

आणि चोवीसच्याच सकाळी बॉम्ब फुटला.

ती कामावर निघाली होती. चिमणी झाडाखाली बसून कागदी चांदण्यांना दोरा ओवत होती. "मोठी आई," ती म्हणाली, "ज्याला 'मी' आलंय, त्याने काय घेतलं असेल गं?"

"कोण मी?"

"मी! तूच म्हणालीस ना, नाती लिहू नका, स्वतःचं लिहा. मग मी माझ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'मी'."

पत्तेवालीच्या हातातली छत्री खाली पडली. स्वतःचं लिहा! 'नाव' हा शब्द ती बोललीच नव्हती. दोन अक्षरं राहिली आणि पत्ता अपूर्ण. तिला स्वतःच्याच कपाळावर लाल शिक्का मारावासा वाटला.

म्हणजे आठातल्या कुणाच्या तरी हातात 'मी' पडलं होतं. त्याने आपलं आपल्यालाच आलं समजून गप्प बसायचं ठरवलं असणार, कारण चिठ्ठी परत टाकायची नाही हा नियम! कोणी केला? हिनेच. आणि उद्या सकाळी सगळे आपापली पुडकी फोडत असताना हे पोर झाडाखाली रिकाम्या हाताने बसणार. पैज गेली खड्ड्यात, पण ते तोंड बघवेल का? आणि पैजही खड्ड्यात कशी जाऊ देणार? पुन्हा छप्पन्न पुडकी, पुन्हा मोज्यांच्या मांडणीखाली! पण खोटं कशाला बोला, तिला थोडी मजाही वाटली. घर हरवलेलं पार्सल म्हणजे तर तिचा हातखंडा. तिने छत्री उचलून पुन्हा खुंटीला लावली आणि कचेरीत फोन केला. "साहेब, तासभर उशीर होईल. एक पत्ता लागत नाहीये."

तिच्या टेबलाचा पहिला धडा असा, की पत्ता कळत नसेल तर माणसं बाद करत जायचं.

ती धडाधड जिना चढून वर गेली. दीर कपाटात डोकं घालून उभा. "भाऊजी, झाली खरेदी?" तो असा दचकला की कपाटातून बायकांच्या चपलांचा खोका त्याच्याच पायावर पडला. स्वतःसाठी नक्कीच नव्हता. बाद. जाऊ स्वयंपाकघरात एका लांबलचक पुडक्याला चिकटपट्टी लावत होती. "वहिनी, आत येऊ नका, शपथ आहे!" पण टोकाला क्रिकेटची बॅट दिसत होती, आणि जाऊ चेंडू दिसला तरी पळ काढणारी. बाद. थोरली लेक महिनाभर गुपचूप विणत होती, ती टोपी आत्याच्या डोक्याएवढी होती. बाद. नणंदेला फोन लावला, ती बसमध्ये होती. तिच्या तोंडात तर तीळ भिजत नाही. "काही विचारू नकोस हं, मी सांगणार नाही," ती म्हणाली, आणि पुढच्याच दमात, "तुझ्या नवऱ्याच्या गळपट्ट्याला कुठला रंग शोभेल गं?" बाद! राहता राहिला नवरा. तो न्हाणीघरात तोंडाला साबण लावून उभा होता.

"खरं सांगा, चिठ्ठीत कोण आलं?"

"नियम तुझाच," तो फेसातून म्हणाला. "पण तुझ्या पायाला सूज येते ती स्टुलावर पाय ठेवल्याने जाते की गरम पाण्याने, एवढं फक्त सांग."

एरवी तिला गहिवरून आलं असतं. आज वेळ नव्हता. बाद!

मग उरलं कोण?

ती सासूबाईंच्या दाराशी गेली. दार बंद. या बाईचं दार दिवसा कधी बंद नसतं. तिने टकटक केली.

"कोण?" आतून आवाज.

"मी," पत्तेवाली म्हणाली. आणि स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून तिने जीभ चावली.

आत काहीतरी घाईघाईने खाली ठेवल्याचा आवाज झाला. दार उघडलं. सासूबाईंचे केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर, आणि डोळ्यांभोवती दोन गोल वळ उमटलेले. पलंगावर उशीखालून काळा पट्टा बाहेर लोंबत होता.

"आई, काय आहे ते?"

"काही नाही." मग त्यांनी सुनेकडे बघितलं, बाहेर डोकावून बघितलं, दार लावलं आणि तिचा हात धरून तिला पलंगाशी ओढलं. सहासष्ट वर्षांची बाई, पण शाळेतून पळून आलेल्या पोरीसारखी हसत होती. उशी बाजूला केली. खाली दुर्बीण. खरीखुरी, जड, काळीभोर दुर्बीण!

"अगं, समोरच्या पाण्याच्या टाकीवर घारीने घरटं केलंय. तीन वर्षं बघतेय. ठिपका दिसतो नुसता. आता बघ, काड्यासुद्धा मोजता येतात! पिल्लं मात्र दिसत नाहीत गं, गॅलरीचा कठडा मधे येतो."

पत्तेवाली दुर्बिणीकडे बघत पलंगावर टेकली.

"मला ना, ती चिठ्ठी आली," सासूबाई कुजबुजल्या. "'मी'वाली. मी लगेच ओळखलं, ही तुझी करामत. एक चिठ्ठी अशी टाकलीस, की ज्याला येईल त्याने स्वतःसाठी घ्यायचं. अक्षरही तुझंच, घाईत वाकडंतिकडं काढतेस तसं. मनात म्हटलं, सूनबाईला अक्कल आहे हो. तीन वेळा गेले त्या दुकानात. दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा दुकानदाराने विचारलं, 'आजी, कुणासाठी?' काय सांगू तुला, जीभच वळेना. म्हटलं, 'नातीसाठी.'" त्या पट्ट्यावरून हात फिरवत होत्या. "स्वतःसाठी म्हणायची सवयच नाही ना."

पत्तेवालीच्या ओठांवर खरं आलं होतं. आई, ती चिठ्ठी चिमणीची. पण सांगणार कसं? जी बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी दुकानात गेली, तिला सांगायचं की तेही तुझं नव्हतं? छे! जीभ झडेल. ती म्हणाली, "छान घेतलीत, आई. आता कागदात गुंडाळा, आणि वर चिठ्ठीत आहे तेच लिहा." आणि बाहेर पडली ती जवळजवळ पळतच.

तासाभरापूर्वी तिच्याकडे एकही भेट नव्हती. आता दोन हव्या होत्या, आणि दोन्ही कोणत्या ते तिला लख्ख कळलं होतं! बाजार माणसांनी तुडुंब भरलेला. खेळण्यांच्या दुकानाबाहेर रांग वळून चौकापर्यंत आलेली. ती त्या रांगेच्या नाकासमोरून ऐटीत निघून गेली आणि खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात शिरली. तिथे चिटपाखरू नव्हतं. नाताळच्या आदल्या दिवशी हातोडा कोण घेतो? दुकानदार पेपर वाचत होता.

"उंच स्टूल आहे? घडीचं. कठड्यावरून बघता येईल इतकं उंच, आणि म्हातारं माणूस पडणार नाही इतकं रुंद."

"आहे की! बसा, चहा घ्या," तो म्हणाला. सकाळपासून पहिलंच गिऱ्हाईक होतं.

दुसरी भेट तर कचेरीतच होती. चिमणी सुट्टीत तिच्या टेबलाशी येऊन बसायची तेव्हा तिचा डोळा एकाच गोष्टीवर असायचा. मूठ तडकल्यामुळे बदललेला जुना निळा शिक्का खणात पडून होता. "साहेब, हा मोडीतला शिक्का घरी नेऊ? पोरीला खेळायला."

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मघाचा पत्ता लागला का?"

"लागला! दोन लागले!" तिने मूठ दोऱ्याने घट्ट बांधली, सोबत शाईची डबी घेतली, गुंडाळलं, आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'मी'.

पंचवीसची सकाळ. झाडाखाली पुडकी, भोवती आठ माणसं. वाटप अर्थात चिमणीकडे. बॅट दिराला गेली. टोपी आत्याला गेली आणि बसलीही. गळपट्टा नवऱ्याला, चपला जावेला. विणकामाची भली मोठी टोपली थोरलीला मिळाली, आणि ती चिमणीने स्वतःच आईच्या मदतीने निवडली होती हे तिने नाव वाचायच्या आधीच सांगून टाकलं. पत्तेवालीला पाय शेकायची विजेवरची गादी मिळाली. नवऱ्याकडे तिने अशा नजरेने बघितलं, की तो लाजून झाडाचे दिवे नीट करायला लागला. मग आलं स्टूल. "माझ्या पूर्ण नावाने आलंय," सासूबाई म्हणाल्या आणि स्टूल कशासाठी ते कळताच सुनेकडे बघून त्यांनी हळूच एक डोळा मिटला.

उरली दोन. एक मोठं, एक लहान. चिमणीने दोन्हींवरचं वाचलं आणि उडीच मारली.

"मी! दोन्ही मी! चिठ्ठीवर मीच 'मी' लिहिलं होतं!" आणि तिने मोठं पुडकं छातीशी धरलं.

सासूबाईंचा हात पुढे आला होता तो तसाच हवेत राहिला. त्यांनी नातीकडे बघितलं. मग सुनेकडे. एका क्षणात सगळं त्यांच्या ध्यानात आलं. वाकडं अक्षर कोणाचं, चिठ्ठी कोणाची, सगळं. चेहरा पार उतरला. हात हळूहळू मांडीवर परत गेला. ओठ हलले. आता त्या म्हणणार होत्या, तुझंच आहे गं बाळ, घे. जन्मभर म्हणत आल्या होत्या तेच.

"थांबा!" पत्तेवाली ओरडली. तिचा आवाज इतका वर गेला की दिराच्या हातून बॅट पडली. "माझ्या टेबलाचा नियम आहे. पार्सलावर नुसतं 'मी' असेल, तर ते कोणालाही देत नाहीत. ज्याचं आहे त्याने स्वतःच्या तोंडाने 'माझं' म्हणावं लागतं. म्हटलं तरच मिळतं." असा नियम जगातल्या कुठल्या कचेरीत नव्हता. पण तिने तो सासूबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितला.

चिमणी पुडकं धरून उभी. सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"माझं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालीस, आई?" नणंदेने विचारलं.

"माझं म्हटलं! बहिरी झालीस का?" आणि आता आवाज खणखणीत लागला. "ते मोठं माझं आहे. चिमणे, तुझं ते छोटं. फोड!"

चिमणीने क्षणभर ओठ काढला. मग छोटं फोडलं. मग जी किंकाळी मारली ती तिसऱ्या गल्लीत ऐकू गेली असेल. "शिक्का! खरा शिक्का!" ठाप! कागदावर पत्ता सापडला. ठाप! बॅटीवर पत्ता सापडला. ठाप! काकांच्या नव्या गळपट्ट्यावर. नवरा ओरडत होता, दीर पोट धरून हसत होता, आणि पत्तेवाली माणसं मोजत होती. सहा, सात, आठ. एकही हात रिकामा नाही. जिंकली! ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि या वेळी कोणी पाणी घेऊन धावत आलं नाही, कारण सगळ्यांचंच तसं झालं होतं.

सासूबाई गॅलरीत गेल्या. नवऱ्याने स्टूल उघडून दिलं, त्या चढून बसल्या. कठडा आता खाली राहिला. दुर्बीण डोळ्यांना लागली, इकडे फिरली, तिकडे फिरली, आणि थांबली.

"दोन आहेत!" त्या किंचाळल्या. "अगं सूनबाई, दोन पिल्लं आहेत! चोच उघडून भांडताहेत मेली!"

सगळे गॅलरीत लोटले. चिमणी सगळ्यांच्या पायांतून वाट काढत पुढे घुसली. आजीच्या मोकळ्या हातावर तिने ठाप करून शिक्का मारला आणि दोन्ही हात वर केले. "आजी, मला दे ना! मला बघू दे!"

आजीने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

"देते," त्या म्हणाल्या. "आधी माझं बघून होऊ दे."